रक्तदाब मोजताना स्मरणशक्तीचीही चौकशी करा : डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
ज्येष्ठ रुग्णांवर उपचार करणारे सर्व डॉक्टर

विषय : उच्च रक्तदाबाच्या उपचारात मेंदूच्या आरोग्याचा समावेश करण्याबाबत

सादर नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. माझ्या नोकरीचा मोठा काळ बाह्यरुग्ण विभागात रुग्णांचे रक्तदाब मोजून ते केसपेपरवर लिहिण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर ज्या घरांत स्मृतिभ्रंश झालेली वडीलधारी माणसे आहेत त्या घरांना मी देखभालीच्या कामात मदत करते. या दुसऱ्या कामात मला काही वेळा पहिल्या कामातलीच माणसे पुन्हा भेटली. तेव्हा त्यांच्या हातात रक्तदाबाचे कागद असत, आता त्यांच्या मुलांच्या हातात विस्मरणाचे कागद असतात, आणि या दोन कागदांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो हे मधल्या इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे मागणे थोडक्यात असे आहे. साठी ओलांडलेला रक्तदाबाचा रुग्ण आपल्यासमोर बसेल तेव्हा त्याच्या स्मरणशक्तीची आणि विचारशक्तीची चौकशी त्याच भेटीत व्हावी. आणि विसरायला होते अशी तक्रार घेऊन कोणी आले तर वयाकडे बोट दाखवून त्याला परत पाठवण्याआधी त्याचा रक्तदाब, बसून आणि उभे करून, नीट मोजला जावा. आज ही दोन्ही कामे वेगवेगळ्या दारांत होतात. रक्तदाब वाढलेला दिसला की आपण ईसीजी काढता, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासता, डोळ्याचा पडदा पाहायला सांगता, आणि ते योग्यच आहे. मेंदूचा विचार मात्र बहुतेक वेळा पक्षाघात झाल्यावरच सुरू होतो, आणि ज्यांना पक्षाघात झाला नाही त्यांच्या मेंदूला काही झाले नसावे असे गृहीत धरले जाते.

हे गृहीत चुकीचे आहे, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तरीही हे पत्र रुग्णांच्या घरचेही वाचतील म्हणून थोडे लिहिते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी १५ ते २० टक्के रक्त त्याला लागते. मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक धमन्या मोठ्या धमन्यांमधून थेट फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब फारसा कमी न होता त्यांच्यापर्यंत पोहोचतो. हा दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतली वाट अरुंद होते, काही धमन्या बंद पडतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा काही मिलिमीटरचा भाग मरून तिथे लहान पोकळी राहते. मेंदूविकारतज्ज्ञ सी. मिलर फिशर यांनी १९६० च्या दशकात शवविच्छेदनांतून अशा लहान पोकळ्यांचे बारकाईने वर्णन केले आणि उच्च रक्तदाबाशी त्यांचे नाते दाखवून दिले. अशा पुष्कळ पोकळ्या होतात तेव्हा हातपाय लुळे पडत नाहीत, तोंड वाकडे होत नाही, घरात कोणाला काही कळतही नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात जे उजळ डाग दिसतात तेही बऱ्याच अंशी याच बारीक धमन्यांच्या आजाराचे चिन्ह असते, आणि अहवालात ‘वयानुरूप बदल’ असे लिहून आल्यामुळे त्यांच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. वृद्धांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान ही दोन्ही एकत्र सापडणे फार सामान्य आहे. म्हणून एखाद्याला अल्झायमर आहे असे निदान झाले, तरी त्याच्या रक्तदाबाची बाब तिथे संपत नाही.

हे नुकसान रोजच्या आयुष्यात कसे दिसते, हे आम्ही घरात वावरणारी माणसे अधिक जवळून पाहतो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या ऱ्हासात पुष्कळदा आधी स्मरणशक्ती जात नाही, वेग आणि नियोजन जाते. आयुष्यभर हिशेब लिहिण्याचे काम केलेले एक गृहस्थ मला आठवतात. त्यांना नातवंडांचे वाढदिवस पाठ होते, जुन्या गोष्टी ते तपशिलाने सांगत, त्यामुळे त्यांना विस्मरणाचा त्रास आहे असे घरात कोणाच्याही मनात आले नव्हते. पण एक साधा अर्ज भरायला त्यांना सबंध सकाळ लागे. दोन रकाने भरून ते थांबत, पेन खाली ठेवत, पुन्हा पहिल्या रकान्याकडे जात, आणि कोणी मध्येच काही विचारले की सगळे नव्याने सुरू करत. त्यांची चाल मंदावली होती, पावले आखूड पडत होती, ते पूर्वीपेक्षा गप्प झाले होते. मुलाला वाटे, वडील आळशी झाले. सुनेला वाटे, ते रुसले आहेत. रक्तदाबासाठी ते दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जात होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना विचारले जाई ते छातीत दुखते का, दम लागतो का, पायांना सूज येते का. कागदोपत्री कामाला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का, एवढे जरी कोणी विचारले असते तरी उत्तर त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलापाशी तयार होते.

आता पुराव्यांविषयी. ते सर्व एकाच बाजूने बोलत नाहीत, आणि ही गोष्ट लपवून कोणाचे भले होणार नाही. मध्यम वयातला चढा रक्तदाब आणि पुढच्या काळातला स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक दीर्घ अभ्यासांतून दिसला आहे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातून २०१८ मध्ये असे पुढे आले की वयाच्या पन्नाशीत ज्यांचा वरचा आकडा १३० किंवा त्याहून अधिक होता त्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त होता. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे सत्तरीच्या लोकांचा पंधरा वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांचा रक्तदाब आधी इतरांपेक्षा चढा होता आणि आजार जवळ आला तसा तो उतरत गेला. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा आजचा रक्तदाब साधारण दिसला म्हणून त्याचा या आजाराशी कधी संबंधच नव्हता, असा निष्कर्ष आपल्याकडून सहज काढला जातो.

उपचाराने हा धोका कमी होतो का, या प्रश्नाचे उत्तर अधिक जपून द्यावे लागते. एकट्या वरच्या आकड्याची वाढ असलेल्या साठीपुढच्या रुग्णांवर युरोपात झालेल्या सिस्ट-युर चाचणीत, १९९८ मधील अहवालानुसार, स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दर हजार रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे हजार रुग्ण एक वर्ष पाहिले तर) नकली गोळी घेणाऱ्या गटात ७.७, तर उपचार घेणाऱ्या गटात ३.८ होते. ऐंशी वर्षांपुढील ३,८४५ रुग्णांच्या हायव्हेट चाचणीत मृत्यू आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण घटले, मात्र स्मृतिभ्रंशातील फरक निर्णायक ठरला नाही. अमेरिकेतील स्प्रिंट चाचणीत ९,३६१ लोकांपैकी एका गटाचा वरचा आकडा १२० च्या खाली आणि दुसऱ्याचा १४० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काटेकोर उपचाराच्या गटात सौम्य बोधनऱ्हासाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आधीच्या पायरीवरच्या विस्मरणाचे आणि विचारशक्तीतल्या घटीचे, प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होते, तर स्मृतिभ्रंशातील १७ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध म्हणण्याइतकी भक्कम नव्हती. त्या चाचणीत मधुमेहाचे आणि आधी पक्षाघात झालेले रुग्ण घेतले नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवे. या सगळ्यावरून मला एवढेच म्हणायचे आहे की रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने कोणाचा स्मृतिभ्रंश टळेलच असे आश्वासन देता येत नाही, पण टळण्याची किंवा लांबण्याची शक्यता वाढते असे म्हणायला चांगला आधार आहे. ज्या आजारावर नेमका इलाज नाही तिथे एवढा आधार थोडा नव्हे. तो रुग्णाला कळायला हवा.

स्प्रिंटमधील १२० हा आकडा उद्धृत करताना तो कसा मोजला होता हे बऱ्याचदा सांगायचे राहून जाते, आणि परिचारिका म्हणून मला ही गोष्ट विशेष खटकते. तिथे रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून स्वयंचलित यंत्राने तीन वेळा रक्तदाब मोजून सरासरी काढली जात असे. गर्दीच्या वेळी जिना चढून आलेल्या माणसाचा शर्टाच्या बाहीवरूनच दंडाला पट्टा गुंडाळून, तो बोलत असताना मोजलेला आकडा हा तो आकडा नव्हे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वर जातो. लघवी तुंबलेली असली तरी वर जातो. पाय लोंबकळत असले आणि पाठीला टेका नसला तरी वर जातो. उलट काहींचा रक्तदाब दवाखान्यात साधारण आणि घरी चढा असतो. म्हणून घरी सलग सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकी दोनदा मोजून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून काढलेली सरासरी ही एका घाईच्या मोजणीपेक्षा कितीतरी विश्वासार्ह असते, आणि हे काम घरचे लोक आनंदाने करतात, फक्त त्यांना कसे ते कोणी दाखवायला हवे.

उभे राहून रक्तदाब मोजणे तर जवळजवळ नाहीसेच झाले आहे. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानला जातो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आहे. पण वृद्ध रुग्णाला आधार देऊन उभे करून पुन्हा पट्टा फुगवणे बाह्यरुग्ण विभागात मी फार क्वचित पाहिले. ज्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढा आहे त्याच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना त्या चढ्या दाबाची सवय झालेली असते, आणि दाब एकाएकी उतरला तर इतरांपेक्षा आधी त्याच्या मेंदूला रक्त कमी पडते. तेव्हा ज्या रुग्णाच्या मेंदूचे रक्षण करण्यासाठी आपण गोळ्या देतो, त्याला त्याच गोळ्यांनी भोवळ तर येत नाही ना, हे पाहणे उपचाराचाच भाग आहे.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला भाग पाडले तिच्याकडे येते. ज्याची स्मरणशक्ती कमी होत चालली आहे तोच माणूस रोज सकाळी आठवणीने गोळी घेईल, या भरवशावर रक्तदाबाचा सगळा उपचार उभा असतो.

एका आजींच्या घरी मी गेले होते. त्यांच्या खाटेशेजारच्या खणात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एका पट्टीतल्या मधल्याच तीन गोळ्या गेलेल्या, दुसरी सबंध शाबूत, तिसरी अर्धी रिकामी. एकच औषध दोन वेगवेगळ्या नावांनी दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले. आणि वर्षभरापूर्वी बंद करायला सांगितलेली एक गोळी अजून त्यातच. ‘‘गोळ्या घेता ना वेळेवर?’’ असे विचारल्यावर त्या अगदी मनापासून ‘‘हो, रोज घेते की,’’ म्हणाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. आपण घेतो असेच त्यांना वाटत होते. दवाखान्यातही त्यांनी हेच उत्तर दिले होते आणि तिथे ते मानले गेले होते. रक्तदाब १७० च्या पुढे येत राहिला म्हणून आधी गोळीची मात्रा वाढली, मग दुसरी गोळी आली, मग तिसरी. पुढे त्यांची मुलगी राहायला आली. तिने औषधांची चिठ्ठी समोर ठेवून सर्व गोळ्या ठरल्याप्रमाणे आपल्या हाताने द्यायला सुरुवात केली. तिचे काहीच चुकले नव्हते. आठवडाभरात आजींचा वरचा आकडा १०० च्या आसपास आला, पहाटे बाथरूमला जाताना त्या कोसळल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर त्या पूर्वीसारख्या कधीच बोलल्या नाहीत.

ही एका घराची गोष्ट असती तर मी पत्र लिहिले नसते. गोळ्या चुकणे हे विस्मरणाचे पहिले लक्षण असू शकते. औषध चालू असूनही रक्तदाब आटोक्यात येत नाही असे दिसले की मात्रा वाढवण्याआधी ‘‘गोळ्या कोण देते?’’ हा प्रश्न विचारावा, आणि ‘‘माझ्या मीच घेते,’’ असे उत्तर आले तर पुढच्या भेटीला सगळ्या पट्ट्या, सगळ्या डब्या पिशवीत घालून आणायला सांगाव्यात. त्या टेबलावर ओतल्या की जे कळते ते कोणत्याही रक्ततपासणीत कळत नाही. शक्य असेल तिथे दिवसातून एकदाच घ्यायची, दोन औषधे एकत्र असलेली गोळी द्यावी, वारांचे कप्पे असलेली डबी वापरायला सांगावी, आणि घरातल्या एका ठरावीक माणसाचे नाव केसपेपरवर लिहून ठेवावे. त्या माणसाला हेही सांगावे की आजवर गोळ्या नियमित घेतल्या जात नव्हत्या असा संशय असेल तर सगळ्या एकदम सुरू न करता आधी दवाखान्यात दाखवायला यावे.

औषधांविषयी आणखी थोडे. थायाझाइड गटातल्या लघवीच्या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातले सोडियम उतरू शकते आणि त्याने माणूस गोंधळतो, बरळतो. घरच्यांना वाटते स्मृतिभ्रंश वाढला. दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या रक्तदाब वाढवतात. झोपेसाठी, खाज थांबवण्यासाठी किंवा लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली काही औषधे स्मरणशक्ती मंद करतात. चार ठिकाणच्या चार चिठ्ठ्या एकत्र पाहणारे कोणीतरी लागते, आणि तो माणूस रक्तदाब पाहणारा डॉक्टरच असू शकतो, कारण रुग्ण नियमितपणे त्याच्याकडेच येतो.

सगळ्यांचा आकडा खाली आणा असे माझे म्हणणे नाही, हेही स्पष्ट करते. जो ऐंशीच्या घरातला माणूस नेटाने चालतो-फिरतो त्याला काटेकोर उपचाराचा लाभ मिळू शकतो. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याचा स्मृतिभ्रंश बराच पुढे गेला आहे, जो वारंवार पडतो, त्याच्या बाबतीत एखादी गोळी कमी करणे हाच चांगला उपचार असू शकतो. ऐंशीपुढच्या ५६९ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमाइझ चाचणीत काही निवडक रुग्णांची एक गोळी देखरेखीखाली बंद केली, तरी बारा आठवड्यांनंतर बहुतेकांचा वरचा आकडा १५० च्या खालीच राहिला होता. निर्णय कोणताही असो, तो वयाच्या रकान्याकडे बघून न घेता समोरच्या माणसाकडे बघून घेतला जावा.

‘वेळ कुठे आहे’ ही आपली अडचण मी जवळून पाहिली आहे आणि ती खरी आहे. परंतु तीन शब्द सांगून लक्षात ठेवायला सांगणे, एका वर्तुळात घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगणे आणि मग ते तीन शब्द परत विचारणे, याला तीनेक मिनिटे लागतात आणि हे काम परिचारिकाही करू शकते. कमी शिकलेल्या माणसाला घड्याळ काढणे जमत नाही एवढ्यावरून त्याला आजार आहे असे ठरवू नये; त्याच्या बाबतीत घरच्यांनी सांगितलेला बदल अधिक बोलका असतो. चीनच्या ग्रामीण भागातील ३२६ खेड्यांत सुमारे ३४,००० लोकांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, घरी रक्तदाब मोजायला शिकवले, औषधे चालू राहतील याकडे लक्ष दिले. चार वर्षांनी त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण नेहमीचे उपचार मिळालेल्या खेड्यांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी होते. त्या कामाचा मोठा भाग आमच्यासारख्या माणसांना करता येण्यासारखा होता. तो आमच्याकडे सोपवा. आम्हाला फक्त आपल्या केसपेपरवर त्यासाठी जागा हवी आहे.

ती जागा फार मोठी नको. रक्तदाबाच्या आकड्याशेजारी उभे राहून मोजलेला आकडा, त्याखाली गोळ्या कोण देते त्याचे नाव, आणि त्याखाली घरच्यांनी गेल्या सहा महिन्यांत रुग्णाच्या वागण्या-बोलण्यात, हिशेबात, चालण्यात काही बदल पाहिला का, याचे एका ओळीत उत्तर. उत्तर ‘हो’ असेल तर बी-१२, थायरॉइड, सोडियम, ऐकू येण्यातली कमतरता, झोपेतले घोरणे आणि खिन्नता यांची तपासणी व्हावी, कारण यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर या तीन ओळी येत्या भेटीपासूनच सुरू कराव्यात, अशी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका